पाचशेचं जॅकेट आणि पाच किलोचं माप

भाची यंदा धडगाव तालुक्यात शिक्षण सेवक म्हणून रुजू झाली. शाळा नर्मदेच्या काठावर. पाणी चढलेलं असलं की शाळेपर्यंतचा शेवटचा टप्पा होडीनंच. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला.

"मामा, लाइफ जॅकेट कुठलं घेऊ? मोबाइलवर साडेपाचशेपासून दहा-बारा हजारांपर्यंत दिसतायत. आणि सगळी केशरीच."

"तुला पोहता येतं का?"

"विहिरीत येतं. डबा बांधून."

मिक्सर, पंखे, गादीची दुकानं, विम्याचे हप्ते यांवर मी वर्षानुवर्षं लिहीत आलोय, पण लाइफ जॅकेट कसं पारखायचं हे मला त्या दिवशी सांगता आलं नाही. तिचं मानधन महिन्याला १६ हजार. त्यातून पंधराशे रुपये जायचे तर ते योग्य वस्तूवर जायला हवेत. म्हणून महिनाभर हाच उद्योग केला. थोडे पैसे वाया घालवले, एका विहिरीत दोन रात्री जॅकेटं बुडवून ठेवली, आणि जे हाती आलं ते इथे मांडतोय.

आधी पाण्याबद्दल. धडगावच्या उत्तरेला जी नर्मदा आहे ती आता नदीसारखी वागत नाही. सरदार सरोवराची पूर्ण भरण्याची पातळी १३८.६८ मीटर, आणि त्या पाण्याखाली महाराष्ट्रातल्या अक्राणी (म्हणजे हाच धडगाव तालुका) आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांतल्या ३३ गावांची जमीन आली. वाळूचा काठ गेला. डोंगराचा उतार आता सरळ पाण्यात उतरतो, त्यामुळे काठापासून दोन-चार हातांवर पुरुषभर पाणी लागतं. गुडघाभर पाण्यातून चालत बाहेर येण्याची सोय नाही. तरी लोक रोज होडीत बसतात. बाजारासाठी, दवाखान्यासाठी, शाळेसाठी. इथे आरोग्य खात्याचा तरंगता दवाखानासुद्धा पाण्यावरून फिरतो. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे २०२० साली करोनाच्या काळात गरोदर बायका आणि बाळांपर्यंत पोचायला दिवसाला १८ किलोमीटर होडी वल्हवत होत्या. तेव्हा इथल्या माणसाला लाइफ जॅकेट लागतं ते हौशीच्या सहलीसाठी नाही. शहरात हेल्मेट लागतं, तसंच हे.

आणि १५ जानेवारी २०१९चा दिवस इथे कुणी विसरलेलं नाही. संक्रांतीची नर्मदापूजा करायला निघालेली, साठेक माणसं भरलेली होडी भूषा गावाजवळ उलटली आणि निदान सहा जण गेले. त्यांत लेकरं होती.

आता जॅकेट. दुकानदार तुम्हाला रंग दाखवतो, पट्टे दाखवतो, 'हेवी क्वालिटी' म्हणतो. त्यातलं काहीही ऐकू नका, लेबलावरचा एक आकडा बघा. तो आकडा न्यूटनमध्ये असतो: ५०, १००, १५० किंवा २७५. जॅकेट पाण्यात वरच्या दिशेनं किती जोर लावतं, त्याचं हे माप. दहानं भागलं की ढोबळ किलो निघतात. ५० म्हणजे पाच किलोचा आधार, १०० म्हणजे दहाचा.

पाच किलो ऐकून भाची हसली होती. "माझं वजन बावन्न आहे, मामा." पण पाण्यात माणसाचं बहुतेक वजन पाणीच उचलतं. डोकं वर राहायला बहुतेक मोठ्या माणसांना तीन ते पाच किलोचा जादा आधार पुरतो. मग ५०चं का चालू नये? चालतं, पण ज्याला चांगलं पोहता येतं, जो शुद्धीवर आहे आणि ज्याची सुटका दोन-चार मिनिटांच्या अंतरावर आहे त्याला. ५० न्यूटनची वस्तू खरं तर लाइफ जॅकेटच नव्हे, ती तरंगायला मदत करणारी बंडी. तुम्ही घाबरून तोंडावर पडलात तर ती तुम्हाला पालथंच तरंगवत ठेवील. १०० न्यूटनच्या जॅकेटचा फोम छातीवर जास्त असतो आणि मानेमागे कॉलर असते. अंगावरचे कपडे फार जड नसतील, तर ते माणसाला उताणं करून तोंड पाण्याबाहेर ठेवायला बघतं. शांत, बंदिस्त पाण्यासाठी ते बनवलेलं असतं, आणि धरणाचा फुगवटा म्हणजे तसलंच पाणी. १५० आणि २७५ खुल्या समुद्रासाठी. ते घेतलं तर वाईट नाही, फक्त जाडजूड असतं आणि माणूस ते घालायचा कंटाळा करतो.

म्हणजे ज्याला डब्याशिवाय पोहता येत नाही त्यानं शंभराच्या खाली जाऊ नये. मुलांनी तर नाहीच.

भाव सांगतो. मी बघितले ते असे, आणि दुकानागणिक शे-दोनशेचा फरक पडेलच. पाचशे ते आठशेत मिळतात ती बिनआकड्याची जॅकेटं. त्यांवर न्यूटन लिहिलेले नसतात, त्याऐवजी '१०० किलोपर्यंत' असं काहीतरी छापलेलं असतं. या १०० किलोनं बरेच जण फसतात. कुठलंच जॅकेट १०० किलो उचलत नाही. तितक्या वजनाच्या माणसाच्या अंगात ते बसेल एवढाच त्याचा अर्थ. १०० न्यूटन आणि १०० किलो यांत दहा पटींचा फरक आहे, आणि विकणाऱ्याला तो फरक पुसट राहिलेलाच बरा वाटतो. त्याच्या वरची पायरी बाराशे ते अडीच हजारांची. यात जहाजांवर वापरायची, इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगची मंजुरी असलेली फोमची जॅकेटं येतात. दिसायला ओबडधोबड, गळ्यात उशी अडकवल्यासारखी. आपल्याला हवीत ती हीच. खांद्यावर चंदेरी परावर्तक पट्टी, शिट्टी, आणि किती वजनाच्या माणसासाठी ते लेबलावर लिहिलेलं. त्यापुढे सहा हजारांपासून फुगवायची जॅकेटं लागतात: अंगावर पट्ट्यासारखी बारीक, पाण्यात पडल्यावर आतली गॅसची नळी फुटून फुगणारी. वस्तू छान, पण एकदा फुगली की नवी नळी भरायला पुन्हा हजार-दोन हजार, आणि ती नळी धडगावात मिळायची नाही. तपासणी चुकली तर ऐन वेळी ती नुसतं कापड. आपल्याकडे फोमच बरा.

दोन ते तीन हजारांत खेळाच्या दुकानातली देखणी, अंगासरशी बंडी मिळते. तिच्यावर आकडा खरा असतो, पण बहुधा ५०च. आणि त्याहून महागडी चूक भाचीच्या हातून होता होता राहिली. 'वॉटर स्पोर्ट्स व्हेस्ट' असं काहीतरी साडेसात हजारांचं, सवलतीत साडेचारला, तिनं टोपलीत टाकून ठेवलं होतं. "मामा, महाग आहे म्हणजे चांगलंच असणार." चित्रात एक पोरगा लाटेवरून दहा फूट हवेत उडालेला. ते होतं काइटबोर्डिंगचं इम्पॅक्ट व्हेस्ट.

काइटबोर्डिंग म्हणजे पायाखाली फळी, कमरेला हार्नेस, हार्नेसला वीस-पंचवीस मीटर लांबीच्या दोऱ्या आणि वर आभाळात खोलीएवढा पतंग. गोव्यात मोरजी, आश्वे या किनाऱ्यांवर वारा धरला की हे लोक दिसतात. भरधाव वेगात पाण्यावर आपटलं की पाणी फरशीसारखं लागतं, म्हणून बरगड्या वाचवायला ते व्हेस्ट. त्यात तरंगण्याची ताकद मुद्दाम कमी ठेवलेली असते, कारण त्या खेळाडूला लाटेखालून बुडी मारून निघावं लागतं, आणि हवा भरलेल्या नळ्यांचा पतंग त्याला आधाराला असतोच. त्याचा जीव वाचतो तो दोऱ्या झटक्यात सोडून देणाऱ्या खटक्यामुळे. त्या खटक्यासाठी २०२० साली आयएसओ २१८५३ हे वेगळं मानक आलं आहे. ज्याला तो खेळ शिकायचाय त्यानं आधी शिकवणीचे पैसे भरावेत, हेल्मेट आणि व्हेस्ट शिकवणाऱ्यांचंच वापरावं; नवा पतंग, बार आणि फळी मिळून लाखाच्या पुढे सहज जातात आणि नवशिक्याला कुठल्या मापाचा पतंग झेपेल हे पहिल्या आठवड्यात कुणालाच सांगता येत नाही. होडीत बसून शाळेला जाणाऱ्या बाईंनी मात्र ते व्हेस्ट साडेचार हजारांत काय, फुकट दिलं तरी घेऊ नये.

पण लेबल खरं कशावरून? इथे माझे पाचशे एकोणपन्नास रुपये गेले. तपासायचंच म्हणून मी एक बिनआकड्याचं जॅकेट मागवलं, विक्रेत्याचं नाव सांगत नाही, आणि शेजारच्या किराणावाल्याकडून पाच किलोची दोन लोखंडी मापं मागून आणली. त्याला कारण सांगितल्यावर तो विचारतो, "ओली झाली तर काट्यावर कमी भरतील का हो?" गंजू देणार नाही असं कबूल करून मापं शहाद्याजवळच्या मळ्यातल्या विहिरीवर नेली. जॅकेटचे बंद बांधले, खाली एक माप लटकवलं, आणि मापाला वेगळी दोरी लावून ती काठावरच्या खुंटीला बांधली. हे विसरू नका, नाहीतर किराणावाल्याला तोंड दाखवता येणार नाही. लोखंड पाण्यात गेलं की पाच किलोचं साधारण सव्वाचार-साडेचार किलोच भरतं. म्हणजे ५० न्यूटनच्या जॅकेटनंही एक माप आरामात पेललं पाहिजे, १००च्या जॅकेटनं दोन.

संध्याकाळी सहा वाजता जॅकेट ऐटीत तरंगत होतं. फोटोही काढला. रात्री नऊला टॉर्च मारला तर खांदे तेवढे वर. सकाळी पाण्यावर काहीच नव्हतं, नुसती ताठ दोरी. ओढून काढलं तर ओल्या गोधडीएवढं जड. शिवण उसवली आणि आत बघितलं: गादीच्या दुकानात कातरणं उरतात तसले पिवळे-निळे स्पंजचे तुकडे. हा स्पंज पाणी पितो. सुरुवातीला आत हवा असते म्हणून तरंगतो, म्हणून दुकानातल्या टाकीत बुडवून दाखवला तरी गिऱ्हाईक फसतं. चांगल्या जॅकेटमधला फोम बंद कप्प्यांचा असतो. पाणी त्यात शिरत नाही. जहाजी जॅकेटाला तर नियमच आहे की २४ तास पाण्यात बुडवून ठेवल्यावर त्याची तरंगण्याची ताकद पाच टक्क्यांपेक्षा जास्त घटता कामा नये. दुसऱ्या रात्री सोळाशेचं, १०० न्यूटनचं जॅकेट दोन्ही मापांसकट सोडलं. सकाळी त्यावर एक बेडूक बसला होता.

ओलं केलेलं जॅकेट परत घेत नाहीत, हा या परीक्षेचा तोटा. पण गावासाठी किंवा होडीसाठी डझनभर घ्यायची असतील तर आधी एक घ्या, रात्रभर विहिरीत ठेवा, मग अकरा मागवा. एकटं घ्यायचं असेल तर निदान दाबून बघा. चांगला फोम एकसंध पाटीसारखा लागतो आणि अंगठा काढला की सावकाश वर येतो. आत तुकडे सरकताना जाणवले, थर्माकोलसारखा करकर आवाज आला, तर खाली ठेवा.

मापाबद्दल. जॅकेट घालून सगळे बंद आवळा आणि दुसऱ्याला मागून खांद्याचे पट्टे वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत आलं तर पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. मुलांचं जॅकेट वयावर घेऊ नका, वजनावर घ्या. जहाजी मापांत १५ किलोखालचं ते तान्हं, १५ ते ४३ किलो ते मूल आणि त्यापुढे मोठं माणूस. 'वाढत्या अंगाचं' म्हणून शाळेचा गणवेश घेतो तसं मोठं घेतलं तर पोर खालून निसटतं. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. साडी नेसणाऱ्या बाईला हा पट्टा अवघड जातो, म्हणून कमरेचा बंद तरी दोन फेऱ्यांचा आणि घट्ट असलेला घ्या. पदर आधी कमरेला खोचा, जॅकेट त्यावरून. तान्ह्या बाळाला झोळीनं अंगाला बांधून होडीत बसू नका. झोळी सोडा, बाळ हातात घ्या. बांधलेलं बाळ आईच्या जॅकेटखाली पाण्यातच राहतं. तान्ह्यांच्या मापाची जॅकेटं बाजारात दिसलीच तर थोडी, ती मुद्दाम मागवावी लागतात.

रंग केशरी किंवा पिवळा. निळं, हिरवं जॅकेट नर्मदेच्या पाण्यात शंभर फुटांवरून दिसत नाही. शिट्टीत गोटी नसावी, गोटीची शिट्टी भिजली की फुसकी होते. बिनगोटीची पन्नास रुपयांत मिळते. मोबाइलची पाणबंद पिशवी दोनशेला. भाचीचा सगळा हिशेब असा एकोणीसशेच्या आत बसला.

आता होडीवाल्याचा हिशेब, कारण खरी अडचण तिथे आहे. बारा माणसांची होडी धरा. चौदाशेप्रमाणे बारा जॅकेटांचे १६,८००. एक गोल लाइफ बॉय दोन हजारांच्या आसपास. आणि एक दोरी. ही फार स्वस्तातली गोष्ट आहे आणि कुणाकडेच नसते. दहा मिलिमीटर जाडीची वीस मीटर प्लास्टिकची दोरी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची, वजनात किलोला थोडी कमी भरते, दोन-अडीचशे रुपयांत येते. नायलॉनची नको, ती बुडते, ही तरंगते. तिच्या टोकाला पाच लिटरचा रिकामा कॅन, आत वाटीभर पाणी म्हणजे फेकताना दूर जातो, आणि बूच घट्ट. बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारण्याऐवजी हे फेकायचं. सगळं मिळून एकोणीस हजार. मोठा आकडा वाटतो, पण जॅकेटं नीट ठेवली तर तीन वर्षं सहज जातात आणि वर्षाला दोनशे फेऱ्या धरल्या तर एका जागेमागे एका फेरीला पावणेतीन रुपयेसुद्धा पडत नाहीत. प्रवाशाकडून पाच रुपये जादा घेतले तरी कुणी कुरकुर करणार नाही, असं मला वाटतं. होडीवाल्याला एकट्याला जमत नसेल तर ग्रामसभेत विषय मांडावा. हा सगळा पेसा कायद्याखालचा तालुका आहे, इथे ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे.

नीट ठेवणं म्हणजे काय? उन्हात वाळवू नका, सावलीत टांगा. होडीची फळी टोचते म्हणून जॅकेट बुडाखाली घेऊन बसायची जी सवय आहे, ती आधी सोडा. फोम चेपला की चेपलाच. घरात कणगीजवळ ठेवलं तर उंदीर शिवण कुरतडतात. दर पावसाळ्याआधी एकदा माप लटकवून बघा. तोरणमाळच्या यशवंत तलावात अर्धा तास होडीत फिरायला जाणाऱ्यांनीही तिथे मिळणाऱ्या जॅकेटचे बंद आणि खटके ओढून बघावेत, फोटो नंतर काढावा.

एक गोष्ट पैशात बसत नाही. १८ जानेवारी २०२४ला वडोद्याच्या हरणी तलावात सहलीची होडी उलटून १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनीच्या फुगवट्यात कुगाव ते कळाशी जाणारी होडी वादळी वाऱ्यानं उलटली, सहा जण बुडाले. वारा उठल्यावर जॅकेट घालायला वेळ मिळत नाही. होडीच्या कोपऱ्यात रचून ठेवलेली बारा जॅकेटं आणि एकही नसणं यांत फार फरक नाही. काठावर, होडीत पाय टाकायच्या आधी घालायचं. आणि होडी दाबून भरली असेल तर अंगात जॅकेट असलं तरी ती जाऊ द्यायची.

घ्यायचं कुठून? धडगावच्या बाजारात मला मिळालं नाही. मुंबईला कुणी जात असेल तर मस्जिद बंदर, नागदेवी स्ट्रीटच्या सुरक्षा सामानाच्या दुकानांत भाव करता येतो, आणि वस्तू हातात घेऊन दाबता येते. ऑनलाइन घेतलं तर लेबलाचा फोटो आधी मागा, नसेल तर सोडून द्या. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, बिल जपा. न्यूटनचा आकडा सांगून बिनआकड्याचं पाठवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फीसुद्धा नाही. माझ्या पाचशे एकोणपन्नासाची तक्रार मी केली आहे. उसवलेलं जॅकेट पुराव्याला ठेवलंय, अजून पूर्ण वाळलेलं नाही.

भाची आता घरूनच जॅकेट घालून निघते. पहिले दोन दिवस पोरं हसली, तिसऱ्या दिवशी एकानं घालून बघायला मागितलं. होडीवाल्या काकांनी किंमत विचारली, दोन्ही मापांची गोष्ट ऐकली आणि दोन मुलांची, दोन मोठ्यांची अशी चार मागवली. बाकीची आठ आमचूर विकल्यावर, म्हणाले.